डाव्या कानाचे महाराज

माझ्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, मनसाराम राहायचा. जातीनं ढिवर, म्हणजे तळ्यातल्या मासोळ्या आणि शिंगाडे यांच्यावर जगणारा. पण आमच्या कुरखेड्याच्या बाजूला त्याचं नाव झालं ते नाटकामुळे. नाव झालं म्हणजे तरी काय? स्टेजवर त्याला कुणीच पाहिलं नव्हतं. त्याची बायको गोकुळा तळ्यावर कपडे धुताना बायांना सांगायची, "माहा मानूस नाटकात हाये." बाया विचारायच्या, "कोनता वो?" ती म्हणायची, "दिसत नाई, थो."

मनसाराम प्रॉम्प्टर होता.

झाडीपट्टीचं नाटक बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. धान घरात आलं की ज्या गावात बैलांचा पट, म्हणजे शर्यत, त्या गावात नाटक. पाव्हणे येतात, कोंबडे कापले जातात, पोरींची लग्नं जुळतात. लोक तेच नाटक गावोगाव जाऊन पाहतात आणि राजाच्या आधी राजाचं वाक्य म्हणतात. पाठ नसतं ते फक्त नटाला! बिचारा दिवसभर धान मळणार, पाठ कधी करणार? म्हणून डाव्या विंगेत, पडद्याच्या आड, घोंगडीवर मनसाराम बसलेला असायचा. सगळी नाटकं त्याला तोंडपाठ. आवाज असा की नटाच्या कानात बरोबर जायचा आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला पत्ता लागायचा नाही.

मनसारामाच्या नाटक कंपनीत रामाजी नावाचा एक राजा होता. नदीपलीकडचा गडी. उंच, छाती अशी, आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. पण डोकं म्हणजे भोपळा, तोही आतून वाळलेला. 'मुकुट मागतो न्याय' या नाटकात तो राजा वीरसेन व्हायचा आणि दर दोन वाक्यांनी अडकायचा. अडकला की डाव्या कानाची पाळी धरायचा. ती मनसारामाला खूण. मनसाराम वाक्य सोडायचा, राजा ते उचलायचा. डाव्या कानात जे पडेल ते तोंडातून बाहेर. मधे डोकं लागतच नव्हतं.

एकदा भर दरबाराच्या प्रवेशात मनसाराम मागं वळून चहावाल्याला म्हणाला, "साखर कमी टाक बे, मागच्या खेपेले पाक होता." झालं! राजानं तलवार उपसली, प्रधानाकडे पाहिलं आणि गरजला, "साखर कमी टाक बे! मागच्या खेपेले पाक होता!" लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. प्रधान हुशार, "जशी आज्ञा महाराज" म्हणून निघून गेला. हा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात.

पुढं एका हंगामात रामाजी आलाच नाही. कुणी म्हणे नागपूरला गेला, कुणी म्हणे सिनेमात गेला. दुसरा राजा आला, लोक पहिल्याला विसरले.

मग त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं साल असेल. गडचिरोली जिल्हा नवाकोरा होता आणि नव्या जिल्ह्यात नवे पुढारी कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते. आमच्याकडेही एक सभापती होते. कशाचे, ते सांगत नाही. सभापती म्हटलं की पुरे. त्यांच्या जीपमधून एक दिवस जलानंद महाराज उतरले. दाढी पोटापर्यंत आणि पोट मांडीपर्यंत. आमच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली त्यांनी आसन मांडलं. लोक बाटलीत तळ्याचं पाणी भरून न्यायचे, महाराज त्यात फुंकर मारायचे. खोकल्याला तेच, कोर्टाच्या तारखेला तेच, गाय गाभण राहत नाही त्यालाही तेच! महाराज बोलायचे मात्र थोडं. बहुतेक मौनच. त्याचंही लोकांना कौतुक.

मी सोमाजी, माझं सायकलीचं दुकान. आमच्या घरी छपन्न सालापासून एकच बाबा. कोटातले, चष्म्यातले, हातात पुस्तक धरलेले. फुंकर मारणाऱ्या बाबाची आमच्यात जागाच शिल्लक नाही. मी दुकानात बसून बोलायचो, "महाराजाले इचारा रे, फुंकरीनं ट्यूबीत हवा भरते काय? माहा पंप खराब झाला." पोट्टे हसायचे आणि संध्याकाळी आपापल्या आयांबरोबर गुपचूप बाटली घेऊन पाळीवर जायचे. असे बयताड!

पण मला राग त्यांचा नव्हता. राग मनसारामाचा होता. कारण सगळ्यात मोठा भक्त तो!

झालं असं, की पहिल्याच दिवशी मनसाराम दर्शनाला गेला. रांगेत शेकडो माणसं. महाराजांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मनसाराम पुढं आला तसे ते दचकल्यासारखे झाले. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, तुझ्या शब्दांवर राजे बोलले. पण तुझा आवाज कोणी ऐकला नाही."

मनसाराम तिथंच ढसाढसा रडला. घरी आला तो रडतच. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "गोकुळा, त्याईनं मले ओरखलं वो! कोनी सांगतलं नोतं, तरी ओरखलं!" त्या दिवसापासून सकाळी उठला की तेच वाक्य, जेवताना तेच, जाळं विणताना तेच. मला अंगणात बोलावून ऐकवायचा.

"सोमाभाऊ, त्याईले कसं समजलं, सांग ना."

मी म्हटलं, "गावात कोनाले बी इचारलं तं सांगन, हा प्रॉम्प्टर हाये म्हनून."

"प्रॉम्प्टर हाये हे कोनी बी सांगन. पन आवाज कोनी ऐकला नाई, हे कोन सांगन? हे तं मी सोताले बी सांगतलं नाई!"

मी चिडून दुकानात गेलो आणि स्पोक पिळत बसलो.

आता महाराजांचा पाय पाळीवर रुजला. मग एका सकाळी जाहीर झालं, की महाराजांच्या स्वप्नात जलदेवी आली. म्हणे तळ्यातल्या मासोळ्या ही तिची लेकरं. या तळ्यात पुन्हा जाळं पडलं तर गावावर कोप होणार. येत्या पौर्णिमेला ढिवरांनी आपापली जाळी महाराजांच्या पायाशी टाकावी आणि तळं मठाला अर्पण करावं. सभापतींनी लगेच मान डोलावली. त्याच आठवड्यात सभापतींचा साळा येऊन, मत्स्यबीज कुठं सोडायचं, राखणदाराची झोपडी कुठं बांधायची, ते पाहून गेला. लेकरं देवीची आणि पाळणाघर साळ्याचं! आहे की नाही मजा?

गावातली सगळी ढिवरांची घरं त्या तळ्यावर. शेती कुणाला नाही. तळं गेलं म्हणजे चूल गेली. पण बोलणार कोण? ढिवरांच्या सोसायटीचा अध्यक्ष मनसाराम. त्याला अध्यक्ष केलं होतं ते तो कुणाशी भांडत नाही म्हणून. सगळे म्हणाले, मनसारामानं जाळं टाकलं तर आम्ही टाकू, त्यानं नाही टाकलं तर आम्हीही नाही. आणि मनसाराम तर जाळं धुऊन, वाळवून, घडी करून तयार!

गोकुळानं घर डोक्यावर घेतलं. "जारं देता, मंग खाता काय? महाराजाची फुक?"

"देवी पाहून घेईन."

"देवी पाहीन का सभापतीचा सारा पाहीन?"

मनसारामाचं एकच. "ज्यानं मले ओरखलं, त्याले मी नाई कसा म्हनू?"

मीही गेलो. म्हटलं, "मनसाराम, अरे, तुह्या एकट्याचं जारं नाई हे. तुह्या मांग साऱ्याईचे जारे हायेत. काऊन आपल्या हातानं पोट्ट्यायच्या तोंडातला घास काढतो?" तो जाळ्याच्या गाठी चाचपत बसला. एकच गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहत होता. जाळं टाकणं त्यालाही सोपं नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

पौर्णिमेला सकाळी पाळीवर मांडव पडला. चांगलं उंच स्टेज, लाऊडस्पीकर, झेंडूच्या माळा. समोर अख्खा गाव आणि आजूबाजूची गावं. बाया एकीकडे, माणसं एकीकडे. स्टेजच्या डाव्या अंगाला, अगदी खाली चिकटून, सगळे ढिवर मांडीवर जाळी घेऊन बसलेले. सर्वांत पुढं मनसाराम, हात जोडून, डोळे मिटून. त्याच्या पाठीशी मी. मी कशाला गेलो म्हणाल तर भांडायला. सभापतींना भर सभेत चार शब्द सुनवायचे, मग मार खावा लागला तरी चालेल, असं ठरवून गेलो होतो.

आधी सभापती बोलले. विकासावर बोलले, नव्या जिल्ह्यावर बोलले, जलदेवीवर बोलले, पुन्हा विकासावर आले. मग खुर्चीत बसले आणि उन्हानं त्यांची मान छातीवर पडली. आता महाराज उठले. एवढी मोठी सभा, मौन चालणार नव्हतं. माइक हातात घेतला. आवाज काय विचारता! मोहाच्या झाडावरची पाखरं उडाली.

"हे मानवा! हे शरीर म्हणजे काय? पाण्यावरचा बुडबुडा! लाट आली की डोलतो, वारा आला की नाचतो. आणि बुडबुडा फुटला की उरतं काय? उरतं... उरतं..."

महाराज थांबले. सभा थांबली. लोकांना वाटलं, केवढं गहन आहे!

आणि माझ्यापुढं बसलेला मनसाराम, डोळे मिटलेले, हात जोडलेले, भक्तीत बुडालेला, त्या मौनात त्याच्या तोंडून आपसूक निघालं. हळू, सरळ, नटाच्या कानात जाईल असं. "उरतं ते पाणी, आणि पाण्याला ना बाप ना बेटा."

"उरतं ते पाणी!" महाराज कडाडले. "आणि पाण्याला ना बाप ना बेटा! म्हणून हे मानवा, तू... तू..."

"तू कशाचा गर्व करतोस?"

"तू कशाचा गर्व करतोस? धनाचा? ते... ते..."

"ते तर चितेपर्यंतही येत नाही."

"ते तर चितेपर्यंतही येत नाही!"

बापाशपथ सांगतो, मनसारामाला आपण काय करतोय हे कळलंच नव्हतं. इतक्या हंगामांची सवय. कुणी अडकलं की त्याचं तोंड चालायचंच; लग्नात भटजी अडकला तरी चालायचं. पण चौथ्या वाक्याला त्याच्या ओठावरचा शब्द ओठावरच राहिला. त्यानं डोळे उघडले. वर पाहिलं.

स्टेजवर जलानंद महाराज डाव्या कानाची पाळी धरून उभे होते.

विंगेतून मनसारामानं रामाजीचं तोंड कधी धड पाहिलं नव्हतं, पाहिलं तेही रंग फासलेलं. पाहिला होता तो डावा कान. हंगामामागून हंगाम तोच कान. दाढी कितीही वाढवा, पोट कितीही वाढवा, कान कुठं लपवणार?

मनसारामाची पाठ माझ्यासमोर ताठ झाली. कानशिलं लाल झाली. म्हटलं, आता हा उठतो आणि ओरडतो. किंवा पुन्हा रडतो. पण तो काही करेना. वरती महाराज घामानं निथळत होते. कान धरलेला, तोंड अर्धं उघडं, नजर खाली मनसारामावर. त्या नजरेत काय होतं सांगू? महाराजही नव्हते आणि लबाडीही नव्हती. नुसता अडकलेला नट होता.

मनसारामानं मांडीवरचं जाळं घट्ट धरलं आणि हळू आवाजात सुरुवात केली. पण इतका वेळ चाललेला 'मुकुट मागतो न्याय'चा दुसरा अंक, साधूच्या वेशातल्या वीरसेनाचा, सोडून दिला होता. हा तिसरा होता, वेश उतरवून राजा गुन्हा कबूल करतो तो.

"ऐका, प्रजाजन हो! ही जटा खोटी, ही दाढी खोटी!"

"ऐका, प्रजाजन हो!" महाराजांनी मुठी आवळल्या. "ही जटा खोटी, ही दाढी खोटी!"

"मी साधू नाही."

"मी साधू नाही!"

"तुमच्या घासावर पोसलेला चोर आहे."

महाराजांचे डोळे मोठे झाले. काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना कळलं, पण तोंड थांबेना. "तुमच्या घासावर पोसलेला चोर आहे!" आणि शेवटी तर त्यांनी हात असा फेकला, की माळ तुटून झेंडूची फुलं सांडली.

"ज्याचं शेत त्याला. ज्याचं रान त्याला." एवढं नाटकात आहे. पुढचं नाही. पुढचं मनसारामानं स्वतःच्या पदरचं घातलं. जन्मात पहिल्यांदा. "ढिवराचं तळं ढिवराला. यात जो वाटा मागेल, तो सभापतीचा साळा असला तरी त्याची जीभ झडो."

आणि राजा वीरसेनाच्या आवाजात, लाऊडस्पीकरवरून, अर्ध्या तालुक्याला ऐकू जाईल असं ते म्हटलं गेलं. साळ्यासकट!

मग बायांमधून म्हाताऱ्या रुखमाबाईचा आवाज आला, "आगा माय! हा तं तिसरा अंक व्हय ना वो! हा तं रामाजी राजा व्हय!"

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. पोट्टे मांडवाच्या खांबांवर चढले. आणि आमच्या लोकांना एकदा नाटक ओळखू आलं, की ते एकच गोष्ट ओरडतात. "वन्स मोर! वन्स मोर!"

त्या गदारोळानं सभापती दचकून जागे झाले. टाळ्या पाहिल्या आणि त्यांना वाटलं, काम फत्ते झालं. धावत माइकवर आले. "महाराजांचा शब्द म्हणजे देवीचा शब्द! महाराजांनी आत्ता जे सांगितलं, त्याची अंमलबजावणी मी स्वतः, या माझ्या हातानं करीन! पंचांच्या साक्षीनं सांगतो!"

पुन्हा वन्स मोर. सभापती खुशीत हात जोडत राहिले. खाली त्यांचा साळा दोन्ही हात हलवून काहीतरी खुणा करत होता. त्यालाही त्यांनी नमस्कार केला. पुढं आठ दिवसांनी हेच सभापती सगळीकडे सांगत फिरले, की त्या ढोंग्याला मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो. पण शब्द गेला होता तो गेलाच; शेकडो लोकांसमोर गेला होता. तळं ढिवरांकडे राहिलं. मला मात्र भांडायला काही उरलंच नाही. सगळी तयारी फुकट!

मांडवामागं, जिथं महाराजांचं सामान होतं, तिथं मनसाराम गेला. मी मागोमाग गेलो, न जाणो मारामारी व्हायची. रामाजी घाईघाईत गाठोडं बांधत होता. मनसारामाला पाहून खाली बसला.

"मार," म्हणाला. "मारून टाक. पन लोकाईच्या हाती देऊ नोको."

"मारत नाई," मनसाराम म्हणाला. "एक इचारतो. पयल्या दिशी तू मले जे बोलला, थे कोनत्या नाटकातलं व्हय? मी सप्पा, सारेच्या सारे अंक डोक्यात उलटून पाह्यले. सापडून नाई राह्यलं."

रामाजी जमिनीकडे पाहत राहिला. "थे नाई ना गा नाटकातलं," म्हणाला. "थे माहं होतं. तुले पाह्यलं, अन् तोंडातून निंगलं."

मनसारामानं ते अर्धवट बांधलेलं गाठोडं आवळून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाला, "मांगच्या बाजूनं जाय. नाल्या-नाल्यानं गेला तं बस भेटन." आणि घराकडे वळला. सगळं गाव पाळीवर नाचत होतं, पोट्टे 'साखर कमी टाक बे' ओरडत होते, आणि हा ज्यानं सगळं केलं तो खाली मान घालून चाललेला. मला वाईट वाटलं. इतके दिवस मी त्याला खुळा म्हणत होतो, पण त्या माणसाचं त्या दिवशी काहीतरी मोठं गेलं होतं, ते मला दिसत होतं.

घरी आलो. तो त्याच्या अंगणात, मी माझ्या. मधे भिंत. गोकुळा त्याच्या आधीच घरी पोचली होती, मासोळ्या साफ करत बसली असावी. विळ्याचा आवाज येत होता.

"काय म्हने तुमचा महाराज?" तिनं विचारलं.

"म्हने... थो म्हने..." मनसारामानं सुरुवात केली. "माहा आवाज..."

आणि अडकला. ज्यानं कधी कुणाला अडकू दिलं नाही तो माणूस पुढचा शब्द काढू शकेना. मी भिंतीला कान लावला. हो, लावला, खोटं कशाला बोलू?

विळ्याचा आवाज थांबला. गोकुळा म्हणाली, "माहा आवाज कोनी ऐकला नाई. मालूम हाये मले. कवापासून तेच ऐकून राह्यली." भांडायच्या सुरात तिनं पुढं विचारलं, "अन् लगन झाल्यापासून राजा, रानी, प्रधान, साऱ्याईचं बोलनं या घरात बसून तुमी घोकता, थे कोन ऐकते जी? मी काय बहिरी व्हय?"

पलीकडे विळा पुन्हा चालू झाला. मग मनसारामाच्या हसण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहिलो, तो मोठ्यानं हसलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"हसता काय?" गोकुळा म्हणाली. "थे जारं सोडा घडीतून. सकारी तलावात जा लागन."